शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके : वेळेवर द्यावीत, वेळेवर थांबवावीत

शस्त्रक्रियेचे यश केवळ शल्यविशारदाच्या हस्तकौशल्यावर अवलंबून नसते. जखम जंतुसंसर्गाविना भरून येणे हेही तितकेच महत्त्वाचे असते. जखमेत पू झाला, तर रुग्णाचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो, खर्च वाढतो, मजुरी बुडते आणि प्रसंगी प्राणावरही बेतते. हा धोका टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिजैविके दिली जातात. मात्र ती केव्हा द्यावीत आणि केव्हा थांबवावीत, यासंबंधी रुग्णालयांत व जनतेतही अनेक गैरसमज आढळतात.

इशारा जुनाच

जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जखमा निर्जंतुक राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्या राज्यात पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले. तथापि, औषध अपुऱ्या प्रमाणात वापरल्यास जंतू त्याला सरावतात, असा इशारा स्वतः फ्लेमिंग यांनीच १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात दिला होता. त्याची प्रचीती आज येत आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज आहे.

छेदापूर्वीचा तास

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. शस्त्राने ती भेदली जाताच जंतूंना वाट मिळते. त्या क्षणी औषध रक्तात व छेदाच्या जागेच्या पेशीजालात पुरेशा प्रमाणात पोचलेले असले पाहिजे. मागाहून दिलेले औषध जंतूंनी ठाण मांडल्यावर पोचते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे २,८४७ रुग्णांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. छेदापूर्वी दोन तासांच्या आत औषध मिळालेल्या रुग्णांत जखमेच्या संसर्गाचे प्रमाण शेकडा ०.६ होते. त्याहून बरेच आधी औषध मिळालेल्यांत ते ३.८, तर छेदानंतर तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ आढळले.

म्हणूनच बहुतेक औषधे छेदापूर्वी ६० मिनिटांच्या आत देण्याचा प्रघात आहे. अनेक शस्त्रक्रियांसाठी सेफॅझोलिन हे साधे औषध पुरेसे ठरते. सर्वसाधारण प्रौढासाठी त्याची मात्रा २ ग्रॅम असते. शस्त्रक्रिया चार तासांहून अधिक लांबल्यास किंवा रक्तस्राव फार झाल्यास दुसरी मात्रा द्यावी लागते. काही स्वच्छ व लहान शस्त्रक्रियांना तर प्रतिजैविकाची आवश्यकताच नसते.

अधिक दिवस म्हणजे अधिक संरक्षण नव्हे

टाके घातल्यानंतर पाच-सात दिवस इंजेक्शने व गोळ्या चालू ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, प्रतिबंधासाठी दिलेले प्रतिजैविक शस्त्रक्रिया संपल्यानंतर चालू ठेवू नये, अशी स्पष्ट शिफारस केली आहे. अशा वाढीव औषधाने संसर्ग कमी होत नाही. उलट, अतिसार व मूत्रपिंडास इजा यांसारखे अपाय संभवतात आणि प्रबळ जंतू तेवढे शिल्लक राहतात. पुढे खराच संसर्ग झाला, तर तेच औषध निरुपयोगी ठरते. येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आंत्रपुच्छ फुटून पोटात पू झाला असेल, तर औषध प्रतिबंधासाठी नव्हे, उपचारासाठी असते. ते वैद्यकीय सल्ल्यानुसार ठरलेले दिवस घेतलेच पाहिजे.

रुग्णालयांनी काय करावे

यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी औषध, मात्रा व कालावधी यांचा लेखी तक्ता शस्त्रक्रियागृहात लावावा. औषध देण्याची जबाबदारी निश्चितपणे एका व्यक्तीवर, शक्यतो भूलतज्ज्ञावर, सोपवावी. 'वॉर्डात दिले असेल' आणि 'आत देतील' या दोन समजुतींमध्येच पुष्कळदा औषध राहून जाते. औषध दिल्याची व छेदाची वेळ केसपेपरवर नोंदवावी. औषध पुढे चालू ठेवायचे असल्यास त्याचे कारण लिहावे. या नोंदींचा दरमहा आढावा घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षित शस्त्रक्रिया तपासणी यादीत, गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले काय, हा प्रश्न छेदापूर्वी मोठ्याने विचारला जातो. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर जखमेच्या संसर्गाचे प्रमाण शेकडा ६.२ वरून ३.४ वर आले. या यादीत इतरही बाबी असल्या, तरी शिस्तीचे फळ त्यावरून दिसून येते. अर्थात, हातांची स्वच्छता व उपकरणांचे निर्जंतुकीकरण यांची उणीव कोणतेही औषध भरून काढू शकत नाही.

नातेवाइकांचे सहकार्य

'डॉक्टरांनी गोळ्याच लिहून दिल्या नाहीत', अशी तक्रार करण्यापूर्वी, त्या न देण्यातच रुग्णाचे हित असू शकते, हे नातेवाइकांनी जाणून घ्यावे. घरी उरलेल्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने देऊ नयेत किंवा चिठ्ठीवाचून दुकानातून आणू नयेत. जखम लाल होणे, सुजणे, पू येणे वा ताप भरणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात यावे.

प्रतिजैविके ही समाजाची सामाईक ठेव आहे. आज एका रुग्णासाठी विनाकारण खर्च झालेली तिची शक्ती उद्या दुसऱ्या रुग्णाला हवी असताना हाती लागणार नाही. ही ठेव जपण्याचे काम शस्त्रक्रियागृहातील घड्याळाकडे लक्ष देण्यापासून सुरू होते.