दारापुढील हिरवळ काढून देशी झुडपें लावणें

हल्लीं शेतांत नवें घर बांधिलें कीं त्यापुढें गुंठाभर हिरवळ, म्हणजे लॉन, करण्याची चाल पडली आहे. महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस हिशेबाची खोड आहे. म्हणून प्रथम हिशेबच मांडतों. गुंठ्याचें क्षेत्र सुमारें १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यांत त्यावर रोज ५ मिलिमीटर पाणी दिलें तरी तें ५०० लिटर होतें. १०० दिवसांत ५०,००० लिटर. ज्या विहिरीनें वैशाखांत तळ गाठला आहे, तिजवर हा भार घालावा काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

बरें, इतकें पाणी पिऊन तें कापलेलें गवत मधमाशीस कांहीं देत नाहीं. भोपळा, दोडका, कारलें यांचीं नर व मादी फुलें निरनिराळीं असल्यामुळें पराग माश्यांनींच नेला पाहिजे. कांद्याचें बीं धरण्यासही तीच गरज.

वैशाखांत हिरवळ मुळांसकट खणून उन्हांत वाळवावी. हराळी असल्यास तिच्या काश्या वेंचून काढाव्या, नाहींतर पहिल्या पावसांत ती पुन्हां डोकें काढते. मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर लागण करावी. कडेस करवंद लावावें. आंत तरवड, निरगुडी व अडुळसा. या तिहींस शेळी सहसा तोंड लावीत नाहीं. धायटीच्या तांबड्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात. पहिल्या उन्हाळ्यांत दर झाडास आठवड्यास एक घागर पाणी द्यावें; पुढें बहुधा लागत नाहीं.

लिंबू व कढीलिंब घराजवळ असावे. २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्यफुलपाखरूं ठरलेलें नीलवंत लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांवर अंडीं घालतें. अळ्या पानें खातात हें खरें. रोप लहान असेल तर त्या उचलून थोराड झाडावर सोडाव्या, फवारा मारूं नये. घाणेरी मात्र फुलपाखरांच्या लोभानेंही लावूं नये. अमेरिकेंतून आलेल्या या झुडपानें आपलीं रानें व्यापिलीं आहेत.

घरांतील मंडळी सापाचें भय दाखवितील, व तें अगदींच खोटें नाहीं. दारापासून दहा हात अंगण उघडें व सारवलेलें ठेवावें. झुडपांच्या जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या फांद्या छाटाव्या. लांकूडफांटा व दगडांचे ढीग तेथें नसावेत; त्यांत उंदीर राहतात आणि साप उंदरांमागें येतो. घरांत लहान मुलें असल्यास रुई दारांत नको, तिचा चीक डोळ्यांस अपाय करितो. ती बांधावर असूं द्यावी. तिच्या पानांवर वाढणारीं फुलपाखरें तेथून दारापर्यंत येतातच.