सुटा परवाना की यंत्रासोबतचा?

प्रश्न : कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) येथील सेवा केंद्रात विंडोज १० वर चालणारा संगणक आहे. विंडोज ११ साठी सुटा परवाना घ्यावा की नव्या यंत्रासोबत येणारा?

उत्तर : विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, नागरिकांची आधार कार्डे व सातबारे हाताळणाऱ्या केंद्राने हा निर्णय लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे. परंतु सध्याची प्रणाली अधिकृत असून यंत्रात मान्यताप्राप्त प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या सांकेतिक किल्ल्या जपणारी सोय, असेल, तर विंडोज ११ विनामूल्य मिळते आणि परवान्याचा प्रश्नच उरत नाही. यंत्र अपात्र असल्यास मात्र सुटा परवाना घेऊनही ते पात्र ठरत नाही.

यंत्रासोबतचा परवाना, ज्यास ओईएम म्हणतात, त्या यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. तो स्वस्त पडतो, पण यंत्र निकामी झाले की त्याच्याबरोबरच संपतो. सुटा, म्हणजे रिटेल, परवाना महाग असला तरी जुन्या यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच यंत्रावर वापरता येतो; म्हणून सुटे भाग जोडून संगणक बनवणाऱ्यांनाच त्याचा खरा लाभ होतो. काहीशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या, विंडोजचा परवाना चालू करण्याच्या किल्ल्या बहुधा संस्थांच्या सामूहिक परवान्यांतल्या असतात व केव्हाही रद्द होऊ शकतात, त्यामुळे त्या टाळाव्यात.

केंद्रासाठी तयार संगणक घ्यायचा असल्यास यंत्रासोबतचा परवानाच योग्य. पावतीवर विंडोजचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.