तरवडाची लागवड व निगा

कोरडवाहू मुलुखांत पाऊस कमी पडतो, ही तक्रार नित्याची आहे. परंतु जो पडतो तो थोड्या वेळांत पुष्कळ पडतो, आणि जातांना शेताच्या वरच्या थरांतील सकस माती ओढ्याला घेऊन जातो, याकडे आपलें लक्ष थोडें. खत विकत आणतां येतें. वाहून गेलेली माती विकत मिळत नाहीं. ती अडविणारा बांध मात्र आपण उघडा ठेवतों. कोणी कुदळीनें त्यावरील झुडुपें उपटून सरपणांत टाकतो, कोणी अलीकडच्या रीतीप्रमाणें तणनाशक फवारून बांध स्वच्छ केला म्हणून समाधान मानतो. अशा स्वच्छ बांधाला पहिल्याच वळवानें घळी पडतात.

पाण्यावांचून जगणारी, बांधाची माती धरून ठेवणारी आणि जिला गुरें सहसा तोंड लावीत नाहींत अशी एक वनस्पति आपल्या माळावर फुकट उगवते. ती म्हणजे तरवड होय. तिची लागवड हेतुपूर्वक कशी करावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

ओळख

तरवड हें सामान्यतः चार-पांच फूट उंचीचें, बुंध्यापासून पुष्कळ फांद्या फुटणारें बारमाही झुडूप आहे. चांगल्या जागीं तें याहूनही उंच जातें. पान संयुक्त असून त्यावर लहान पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या समोरासमोर असतात. देठाच्या बुडाशीं दोहों बाजूंस कानाच्या पाळीसारखीं रुंद उपपर्णें असतात. ही खूण पक्की समजावी. शास्त्रज्ञ या झाडास पूर्वीं ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ म्हणत, हल्लीं ‘सेना ऑरिक्युलाटा’ म्हणतात. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘कान असलेली’ असाच आहे. फुलें मोठीं व गर्द पिवळीं असतात. नवरात्रांत घटाला जी पिवळी माळ चढते, ती पुष्कळ गांवीं याच फुलांची असते. शेजारच्या तेलंगणांत बतुकम्मा सणाला हींच फुलें रचतात, आणि २०१४ सालीं तें राज्य झाल्यावर तरवडाचें फूल राज्यफूल म्हणून स्वीकारलें गेलें.

शेंग चपटी, कागदासारखी पातळ व तीन-चार इंच लांब असते. टाकळा व कासुंदा हीं याचींच भावंडें. टाकळा पावसाळा संपला कीं वाळतो, त्यामुळें घोटाळा होत नाहीं. कासुंद्याविषयीं मात्र सावध असावें. त्याच्या पर्णिका मोठ्या व टोंकदार असून जोड्या थोड्या, बहुधा चार ते सहाच, असतात. त्याच्या बिया विषारी आहेत. त्या तरवडाच्या बियांत मिसळूं देऊं नयेत आणि मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत.

एक गैरसमज

तरवड शेंगवर्गीय आहे, म्हणून तो तूर-हरभऱ्याप्रमाणें हवेंतील नत्र मुळांवाटे जमिनींत साठवितो, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. तूर-हरभऱ्याच्या मुळांवर ज्या गाठी येतात, तशा या वंशांतील झाडांच्या मुळांवर सामान्यतः येत नाहींत. तरवडापासून जमिनीस जें मिळतें तें त्याच्या पाल्यापासून. सोटमूळ खोल जाऊन तेथील अन्नांश वर आणतें, आणि पाला कुजला म्हणजे तो वरच्या थरांत उतरतो. तात्पर्य, तरवड नुसता उभा असल्यानें खत होत नाहीं. पाला कापून मातींत घातला तरच होतें. दक्षिणेंत तमिळ मुलुखांत व म्हैसुराकडे भातखाचरांत हा हिरवा पाला तुडविण्याची चाल जुनी आहे.

जमीन व जागा

मुरमाड, बरड, खडकाळ, चुनखडीची अशा सर्व हलक्या जमिनींत तरवड येतो. त्याला सोसत नाहीं तें सांचलेलें पाणी. जेथें पावसाळ्यांत आठ-आठ दिवस चिखल राहतो तेथें तो लावूं नये. भर काळ्या जमिनींतील बांधांना उन्हाळ्यांत मोठ्या भेगा पडतात व पहिलें पाणी त्या भेगांतून शिरून बांध फोडतें. तेथें नुसत्या झुडुपांवर भिस्त ठेवूं नये. आधीं दगडी सांडवा नीट करून जादा पाण्यास वाट द्यावी, मग तरवड लावावा. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, १९४२ अन्वयें व त्यानंतरच्या योजनांतून समपातळींत पुष्कळ बांध घातले गेले. त्यांपैकीं जे अद्याप उभे आहेत, ते तरवडास उत्तम जागा होत.

बीं

शेंगा हिवाळ्यांत पिकूं लागतात. त्या झाडावर वाळून तपकिरी झाल्या म्हणजे तोडाव्या, दोन दिवस उन्हांत घालून चोळाव्या व बीं निवडून कोरड्या मडक्यांत ठेवावें. निरनिराळ्या आठ-दहा झाडांचें बीं एकत्र करावें, म्हणजे एका झाडाचा दोष सगळ्या बांधाला लागत नाहीं.

तरवडाचें कवच फार कठीण असतें. तसेंच पेरल्यास थोडें उगवतें व बाकीचें दोन-तीन पावसाळे मातींत पडून राहतें. यास उपाय सोपा आहे. पाण्यास उकळी आणून भांडें चुलीवरून खालीं उतरावें, मग त्यांत बीं टाकून रात्रभर तसेंच निवूं द्यावें. चुलीवर असतांना बीं टाकूं नये. तें शिजून मरतें. सकाळीं जें फुगलेलें दिसेल तें पेरणीस घ्यावें. जें फुगलें नाहीं तें जाड वाळूबरोबर गोणपाटावर चोळून पुन्हां साध्या पाण्यांत भिजवावें. अगोदर शंभर बिया मोजून ओल्या फडक्यांत बांधून पाहाव्या. किती उगवतात हें कळलें म्हणजे बीं किती लागेल याचा अंदाज चुकत नाहीं.

पेरणी

रोप करून लावण्यापेक्षां बीं जागेवरच टोकणें बरें. सोटमूळ लवकर खोल जातें व रोप उपटतांना तें तुटतें. मग झाड जगलें तरी दुष्काळास तोंड देण्याचें त्याचें मुख्य हत्यारच गेलेलें असतें. रोपेंच करणें असल्यास लांब पिशवींत करावीं व लहान असतांनाच लावावीं.

मृगाचा पाऊस चांगला होऊन बांध वीतभर ओला झाला म्हणजे टोकण करावी. आर्द्रापर्यंत ती उरकावी. बांधाच्या माथ्यावर एक ओळ व पाणी ज्या अंगानें येतें त्या उतारावर दुसरी, अशा दोन ओळी घ्याव्या. एका ओळींत दोन-दोन फुटांवर खळगी करून प्रत्येकींत तीन बिया अर्धा इंच खोल टाकाव्या. वरच्या ओळींतील दोन झाडांच्या मधोमध खालच्या ओळींतील झाड यावें. पाणी मग सरळ धांवत नाहीं. तें अडखळतें व गाळ तेथेंच टाकतें.

निगा

पहिलें वर्ष हेंच काय तें जपण्याचें. रोपें चार बोटें झालीं म्हणजे प्रत्येक खळगींत एक जोमदार रोप ठेवून बाकीचीं काढावीं. भोंवतालचें उंच गवत दोन वेळां कापावें, पण मुळासकट उपटूं नये. गवताचीं मुळेंही बांध धरितात. पावसानें तीन आठवड्यांवर ओढ दिल्यास एक-दोन वेळां तांब्याभर पाणी घालावें. यापुढें पाणी देऊं नये. पुष्कळ पाणी दिलेल्या रोपाचीं मुळें वरच्या वर पसरतात, आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यांत तें माना टाकतें. शेणखत, रासायनिक खत यांचीही गरज नाहीं. गुरें तरवड खात नसलीं तरी कोवळीं रोपें तुडवितात व शेळ्या टंचाईंत शेंडे खुडतात, म्हणून पहिल्या उन्हाळ्यांत बाभळीच्या काट्या टाकाव्या.

हिरव्या अळ्या कधीं कधीं पानें खातात. पुढें त्यांचीं फिकट रंगाचीं फुलपाखरें होतात. झाड पुन्हां फुटतें. औषध मारूं नये. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. या फुलांत मध नसतो. भुंगा फुलास धरून अंग थरथरवितो तेव्हां केसराग्रांच्या छिद्रांतून पराग उडतो. भुंगे गेले तर शेंगाही थोड्या धरतील.

छाटणी

दोन वर्षें कोयता लावूं नये. तिसऱ्या वर्षीं पावसाच्या आरंभीं झाड जमिनीपासून हातभर ठेवून कापावें. तें जोमानें फुटतें. मात्र सगळा बांध एकदम कापूं नये. एक वर्ष अर्धा व दुसऱ्या वर्षीं उरलेला असा क्रम ठेवावा, म्हणजे बांध कधींच उघडा पडत नाहीं. याखेरीज भाद्रपदांत, रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्वीं, पिकाच्या अंगाच्या फांद्या छाटून पाला शेतांत पसरावा. यानें पिकावरील सांवली जाते, ओलीची ओढाताण कमी होते व पाला जमिनीस मिळतो. बांधाखालीं वाऱ्यानें उडालेलें बीं उगवल्यास तें कुळवणींत काढून टाकावें. तरवडाची जागा बांधावर, शेतांत नव्हे.

सालीची आशा

तरवडाची साल चामडें कमावण्यास उत्तम. एके काळीं मद्रासेकडून विलायतेस जाणाऱ्या कातड्यांचा व्यापार बव्हंशीं हिच्यावर चालला होता. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील वॅटल झाडाच्या सालीनें व रासायनिक कमावणीनें तिची जागा घेतली. म्हणून सालीच्या विक्रीवर हिशेब बांधून कोणी ही लागवड करूं नये. दांतवण, काटक्या, पाला हे किरकोळ लाभ. खरा लाभ माती राहण्याचा.

हद्दीविषयीं दोन शब्द

आम्ही महसूल खात्यांत आयुष्य घालविलें. दरसाल वीतभर कोरला जाणारा बांध दहा वर्षांनीं सख्ख्या भावांना कचेरीच्या पायरीवर कसा आणतो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणें हद्दीच्या खुणांची निगा राखण्याची जबाबदारी जमीनधारकाची आहे. दगड हलतो, बांध झिजतो. खोल मुळांची तरवडाची ओळ नांगराच्या एका फेऱ्यानें सरकत नाहीं. ती लावण्यापूर्वीं शेजाऱ्यास बोलवावें, दोघांनीं मिळून मध्य ठरवावा, आणि मोजणीचा दगड झुडुपांत झांकूं नये म्हणून त्याभोंवतीं तीन फूट जागा मोकळी सोडावी. ज्या बांधाविषयीं तंटा चालू आहे तेथें निकाल होईपर्यंत लागवड करूं नये. तसें केल्यास ती हद्द सांभाळणें न ठरतां हद्द बळकावणें ठरतें.

सभासदांस विनंति

यंदा एकाच बांधाच्या अर्ध्या लांबींत तरवड लावावा व अर्धी तशीच ठेवावी. दोन्ही भागांत पाणी येणाऱ्या अंगास पांच-पांच लोखंडी खुंट्या, वर वीतभर राहील अशा ठोकाव्या. दर पावसाळ्याअखेर खुंटीचा उघडा भाग मोजून वहींत लिहावा. खुंटी जास्त उघडी पडली तर माती गेली. कमी दिसली तर गाळ सांचला. तीन पावसाळ्यांची अशी नोंद ज्यांच्याजवळ असेल त्यांनीं ती या मासिकाकडे अवश्य पाठवावी, मग ती तरवडाच्या बाजूनें असो वा विरुद्ध.