केनियाची सफर : माळरान, लोहमार्ग आणि 'पेसा'

'सफारी' हा शब्द आपल्याकडे जंगलातील प्राणिदर्शन एवढ्याच अर्थाने रूढ झाला आहे. स्वाहिली भाषेत मात्र त्याचा अर्थ केवळ 'प्रवास' असा आहे. नैरोबीहून मोम्बासाला कचेरीच्या कामासाठी निघालेला कारकूनही सफारीवरच असतो. अरबीतील 'सफर' स्वाहिलीत गेला, तसाच तो मराठीतही आला. मोसमी वाऱ्यांवर गलबते हाकणाऱ्या व्यापाऱ्यांनी हिंदी महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर मालाबरोबर शब्दही उतरविले.

केनियाला जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात मसाई मारा असते, आणि ते योग्यच आहे. टांझानियातील सेरेंगेटी व केनियातील मारा हे वस्तुतः एकच माळरान असून सीमारेषा केवळ माणसांसाठी आहे. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने लाखो झेब्रे पाऊस व कोवळे गवत यांच्या मागे वर्षभर फिरत असतात. दक्षिण सेरेंगेटीतील ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या जमिनीवरचे आखूड गवत क्षारयुक्त असते. म्हणून जानेवारी ते मार्चच्या सुमारास माद्या तेथेच वितात. ते माळ सुकले की कळप उत्तरेकडे सरकतात आणि साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या परिसरात येतात. नदी ओलांडताना मगरींशी पडणारी गाठ आपण दूरदर्शन संचावर अनेकदा पाहिलेली असते. प्रत्यक्षात कळप काठाशी तासन्‌तास घुटमळतात आणि पुष्कळदा माघारी फिरतात. दोन दिवसांचा मुक्काम घेऊन हे दृश्य 'पाहायचेच' असा हट्ट धरणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशा येते.

या हट्टाचा त्रास प्राण्यांनाही होतो. चालकाला अधिक बक्षिसीचे आमिष दाखवून गाडी पुढे घ्यावयास लावली, की कळपाची वाट अडते आणि चित्त्याची शिकार हुकते. तेव्हा चालकाने थांबू या म्हटले तर थांबावे. त्याला अधिक कळते.

राखीव क्षेत्राचा विस्तार सुमारे १,५१० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोवतालची जमीन मसाई पशुपालकांच्या मालकीची आहे. पूर्वी सामूहिक असलेली ही जमीन कुटुंबांत वाटली गेली, आणि प्रत्येक जण आपापल्या तुकड्याला कुंपण घालू लागला तर प्राण्यांच्या वाटा बंद होतील अशी स्थिती निर्माण झाली. त्यावर शोधलेला उपाय बँकेच्या वाचकांना सहज उमगेल. अनेक मालक आपली जमीन एकत्रितपणे पर्यटन व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने देतात. त्यांना ठरलेले भाडे नियमित मिळते, ठरवून दिलेल्या पद्धतीने गुरेही चरतात आणि कुंपण पडत नाही. २००६ पासून अशी संरक्षित क्षेत्रे वाढत गेली. मात्र २०२० साली महामारीमुळे पर्यटक थांबताच हे भाडेही अडचणीत आले. पर्यटकाच्या पैशावर उभी असलेली ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे तेव्हा दिसले. आपले निवासस्थान अशा क्षेत्रात आहे काय आणि जमीनमालकांना त्यातून काय मिळते, हे आरक्षणापूर्वी अवश्य विचारावे.

नैरोबीकडे केवळ विमानतळ म्हणून पाहणे हा या शहरावर अन्याय होय. १८९९ साली लोहमार्गाचा तळ म्हणून वसलेले हे गाव सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्याने विषुववृत्ताजवळ असूनही थंड आहे. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा हा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. १८९८ मध्ये त्साव्हो येथे दोन सिंहांनी मजुरांच्या छावणीत घातलेला धुमाकूळ सर्वश्रुत आहे, परंतु रोगराई आणि अपघात यांनी घेतलेले बळी त्याहून कितीतरी अधिक होते. नैरोबीचे रेल्वे संग्रहालय यासाठी आवर्जून पाहावे. पुढे २०१७ साली केनिया सरकारने तेथील भारतीय वंशाच्या समाजाला देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तेथील घराघरांत आणि खाणावळींत 'चपाती' आज केनियाचीच म्हणून खाल्ली जाते.

शहराला लागूनच ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. गेंडा आणि त्याच्यामागे उंच इमारती असे छायाचित्र अन्यत्र क्वचितच मिळेल.

स्वाहिलीत पैशाला 'पेसा' म्हणतात. हा आपलाच 'पैसा'. २००७ साली सुरू झालेली 'एम-पेसा' ही मोबाइलवरील सेवा भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सर्वत्र चालते. बँकेत खाते नसलेल्या लक्षावधी लोकांना तिने पैसे पाठविण्याची सोय दिली. कोपऱ्यावरचा दुकानदार तेथे जवळजवळ रोखपालाचे काम करतो! पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घेतल्यास पर्यटकालाही ही सेवा वापरता येते. जुन्या छपाईच्या डॉलर नोटा स्वीकारण्यास मात्र अनेक ठिकाणी नकार मिळतो, म्हणून त्या नेऊ नयेत.

जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना घ्यावा लागतो. त्याच वर्षापासून माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांसाठी जुलै ते डिसेंबरमध्ये वर्षाच्या पूर्वार्धापेक्षा दुप्पट आहे. सहलीचा दर ऐकताना ते त्यात धरले आहे का, हे विचारून घ्यावे. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस, मान्यताप्राप्त केंद्रातच टोचून घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे. परतताना ते नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.