यादीच्या पोटांतील यादी

शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो, जमिनीचा सात-बाराचा उतारा पाहावयाचा असो, अथवा पिकाच्या विम्याची नोंद करावयाची असो. मोबाईलवर एक सूचना कधीं चुकत नाहीं: 'आपलें गांव निवडा.' सूचना तर प्राथमिक शाळेंतील मुलासही पाळतां यावी अशी आहे. तथापि नेमका येथेंच गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मित्राचा अर्ज चुकला व परत आला. त्याच्या गांवाच्या नांवाचीं दोन गांवें ओढ्याच्या दोन तीरांस आहेत. एक बुद्रुक व दुसरें खुर्द. मित्र खुर्दचा, आणि अर्ज गेला तो बुद्रुकचा म्हणून. रहिवासाच्या दाखल्याशीं त्याचा मेळ बसेना, आणि मुदत संपावयास चारच दिवस उरले होते. दोष कोठें होता हें आम्ही मिळून शोधूं लागलों, तेव्हां लांबलचक याद्या लहानशा स्क्रीनवर कशा मांडाव्या हा विषय वाटतो त्याहून पुष्कळ खोल आहे असें आमच्या ध्यानांत आलें. त्याचाच थोडा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

प्रथम आंकडे पाहूं. महाराष्ट्रांत ३६ जिल्हे व ३५८ तालुके आहेत, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणें गांवें सुमारें ४३ हजार. बोटानें नेमकी दाबतां यावी म्हणून यादीची एकेक ओळ सुमारें ९ मिलिमीटर उंच असावी, असें अँड्रॉइड फोनांसाठीं ॲप रचणारांस सांगितलेलें असतें. अर्थात् हातांत मावणाऱ्या फोनवर एका वेळीं दहा-बारा ओळीच दिसावयाच्या. आपण दहा धरूं. सर्व गांवें एकाच यादींत एकाखालीं एक लिहिलीं, तर ती यादी ४,३०० स्क्रीन लांब होईल! तीच जिल्हा, तालुका व गांव अशा तीन पायऱ्यांत विभागली कीं चित्र पार पालटतें. जिल्ह्यांस चार स्क्रीन लागतात. एका जिल्ह्यांत सरासरीनें दहा तालुके, म्हणून तालुक्यांस एक. आणि एका तालुक्यांत सरासरीनें १२० गांवें, म्हणून गांवांस बारा. एकंदर सतरा, तेंही आपलें नांव प्रत्येक यादीच्या अगदीं तळाशीं असेल तर. यादीच्या पोटांत यादी घालण्याचें सामर्थ्य तें हें.

मग आणखी पायऱ्या घातल्या म्हणजे काम अधिकच सोपें होईल काय? कागदावर होईल खरें. जिल्ह्याच्या वर महसूल विभागाची पायरी घातली, तर ३६ जिल्हे सहा विभागांत वांटले जाऊन प्रत्येक यादी एका स्क्रीनवर मावेल. परंतु प्रत्येक पायरी हा एक प्रश्न असतो, आणि त्याचें उत्तर माणसास ठाऊक असावें लागतें. जळगांव नाशिक विभागांत आहे, सोलापूर पुणे विभागांत आहे, बुलढाणा अमरावती विभागांत आहे, हें कचेरींतील कारकुनास पाठ असेल. शेतकऱ्यास तें कां असावें? तो आपला पत्ता सांगतांना गांव, तालुका व जिल्हा सांगतो, विभाग कधींच सांगत नाहीं. जी पायरी लोकांच्या बोलण्यांत नाहीं ती यादींत घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. येथें एक गैरसमजही दूर केला पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनीं १९५६ सालीं 'सात, अधिक-उणे दोन' या आंकड्याविषयीं निबंध लिहिला. त्याचा दाखला देऊन कोणत्याही यादींत नऊहून अधिक ओळी नकोत असें कित्येक जण सांगतात. पण तो आंकडा क्षणभर मनांत धरून ठेवावयाच्या गोष्टींविषयींचा आहे. यादी डोळ्यांपुढें असतां मनांत धरून ठेवावयाचें तें काय?

पायरीपायरीनें उतरण्याची ही रीत आजच्या स्मार्टफोनाच्या आधींपासूनची आहे. २००१ सालीं ॲपल कंपनीनें आयपॉड हें गाणीं ऐकण्याचें यंत्र काढलें. त्यांत हजार गाणीं मावत, आणि गायक, त्याखालीं अल्बम, त्याखालीं गाणें अशा क्रमानें, अंगठ्यानें चाक फिरवीत, हवें तें गाणें गांठतां येई. २००७ च्या आयफोननें तीच रीत काचेवर आणली. ओळ दाबतांच तिच्या पोटांतील यादी उजवीकडून सरकत येई आणि आधींची डावीकडे निघून जाई. डाव्या कोपऱ्यांत मागें जाण्याचें बटण असे, व त्यावर बहुधा आधींच्या यादीचें नांव लिहिलेलें असे. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण तिचें मोल मोठें आहे. लहान स्क्रीनवर एका वेळीं एकच पायरी दिसते. आपण कोठून आलों हें डोळ्यांआड झालेलें असतें. 'मागें' हा शब्द केवळ दिशा सांगतो. 'सातारा' हा शब्द आपण कोठें आहों तें सांगतो.

परत आल्यावर यादी जेथें सोडली तेथेंच सांपडली पाहिजे, हा दुसरा नियम. नऊ स्क्रीन खालीं उतरून चुकीची ओळ दाबली, मागें आलों, आणि यादी पुन्हां पहिल्या ओळीवर जाऊन बसली, असा अनुभव आम्हांस इतक्या वेळां आला आहे कीं तो लिहितांनाही अंगठा दुखतो. पुस्तकांत खूण घालून ठेवावी आणि कोणी ती काढून घ्यावी, तसाच हा प्रकार.

दुसरी एक रीत अशी कीं, स्क्रीन न पालटतां, दाबलेल्या ओळीखालींच तिच्या पोटांतील यादी उलगडावी व ती थोडी उजवीकडे सरकवावी. हिच्यांत जिल्हा, तालुका, गांव हीं एकत्र दिसतात, हा गुण खरा. परंतु स्क्रीनची रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर! प्रत्येक पायरीस ५ मिलिमीटर सोडले तर तिसऱ्या पायरीवर एक सेंटिमीटर गेलाच. शिवाय कडेची मोकळी जागा व निवडीचें वर्तुळ. उरलेल्या जागेंत नांव मावलें नाहीं म्हणजे यंत्र त्याचें शेपूट कापून तेथें तीन टिंबें ठेवून देतें.

आमच्या मित्राची चूक येथेंच सांपडली. फोन त्याच्या वडिलांचा होता, आणि दृष्टि अधू म्हणून त्यांनीं अक्षरें मोठीं करून ठेविलीं होतीं. त्यामुळें एकाखालीं एक अशा दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसत होत्या. गांवाचें नांव, आणि पुढें टिंबें. जें शेपूट कापलें गेलें त्यांतच 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हे शब्द होते. फारसींत ज्यांचा अर्थ थोर व लहान असा आहे ते हे शब्द महाराष्ट्रांत शेंकडों गांवांच्या नांवांस जोडलेले आहेत, आणि ते नेहमीं शेवटींच येतात. तेव्हां आमच्याकडील याद्यांत नांवाचें शेपूट कापणें म्हणजे नांवच कापणें होय. मावत नसेल तर ओळ दुणावावी, पण नांव पुरतें लिहावें.

मित्रानें मात्र अंधारांत दगड मारला नव्हता. वर्णमालेंत 'ख' आधीं येतो व 'ब' मागाहून, तेव्हां दोहोंतील पहिली ओळ खुर्दची, असा त्यानें तर्क केला. तर्क निर्दोष होता. यादी सदोष होती. नांवें देवनागरींत छापलेलीं, पण क्रम इंग्रजी अक्षरांचा ठेविलेला! त्या क्रमांत 'बी' आधीं व 'के' नंतर. असल्या याद्यांत अमरावतीच्या पाठोपाठ बीड येतें, बुलढाण्यामागून चंद्रपूर येतें, आणि मराठी क्रमानें चौथें यावयाचें कोल्हापूर जालन्याच्याही खालीं जाऊन बसतें. मराठी वाचणाऱ्यास ही यादी म्हणजे पानें उलटसुलट शिवलेला कोश वाटल्यास नवल नाहीं.

कोणी म्हणेल, यादीच कशास हवी? नांव टाइप करावें आणि शोधावें. हें पुष्कळ अंशीं खरें, व लांब यादीच्या माथ्यावर शोधण्याची चौकट असावीच. पण ती चौकट समंजस हवी. कोणी 'वडगाव' लिहील, कोणी 'वडगांव'. इंग्रजींत लिहिणारांपैकीं कोणी 'व्ही'नें आरंभ करील, कोणी 'डब्ल्यू'नें. २०२३ सालीं औरंगाबाद व उस्मानाबाद हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाले, आणि २०२४ सालीं अहमदनगर अहिल्यानगर झालें. जुनें नांव लिहिणाऱ्यासही नवें दाखविलें पाहिजे. आणि वडगांवें तर महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. म्हणून सांपडलेल्या प्रत्येक नांवाखालीं बारीक अक्षरांत तालुका व जिल्हा यावा, नाहीं तर शोधून काय सांपडलें हेंच कळावयाचें नाहीं.

मुदतीच्या आदल्या दिवशीं आम्हीं मित्राचा अर्ज पुन्हां भरावयास घेतला. यादी तीच होती व टिंबेंही तींच. शेवटीं एकानें फोन आडवा धरला. स्क्रीन रुंद झाली, दोन्ही ओळी पुरत्या दिसल्या, आणि मित्रानें दुसरी ओळ दाबली.