बर्फातील ट्रॅक्टर आणि चाकांच्या साखळ्या

भातखाचरात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात, हे आपल्याकडे परिचयाचे आहे. कॅनडात व अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात घरापासून रस्त्यापर्यंतची वाट छोट्या ट्रॅक्टरने मोकळी करतात, तेव्हा हेच काम टायरवरील साखळी करते. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये मोटारीच्या चाकांसाठी अशा साखळीचे पेटंट मिळविले.

साखळीमुळे ट्रॅक्टरची ओढ वाढते, हे कोणाच्याही ध्यानात येते. थांबण्याचा प्रश्न मात्र उतारावर आल्यावरच सुचतो! अशा बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागील चाकांवर असतात. पुढील लोडरमध्ये बर्फ भरला की मागची बाजू हलकी होते आणि ब्रेक दाबला तरी यंत्र घसरतच राहते. म्हणून साखळ्या प्रथम मागील चाकांना लावाव्यात व मागे वजनही जोडावे. उतारावर चारही चाकांचा गिअर टाकलेला असावा, म्हणजे मागील ब्रेकचा परिणाम पुढील चाकांपर्यंत पोहोचतो.

शेतीच्या टायरवर उंच कंगोरे असतात. शिडीच्या आकाराच्या साध्या साखळीचे आडवे पदर त्यांच्या खाचांत रुतून बसतात आणि साखळी असून नसल्यासारखी होते. अशा टायरसाठी आडवे पदर परस्परांशी जोडलेली जाळीदार साखळी घ्यावी. ती मडगार्डला घासत नाही ना, हे आधी पाहावे. चढविल्यावर थोडे अंतर चालवून ती पुन्हा आवळावी लागते. बर्फ नसलेल्या डांबरी रस्त्यावर ती काढून ठेवावी. तेथे साखळी झिजते आणि रस्ताही उखडतो.