मॅरिएटा आणि भामिनी

प्रश्न : 'नॉटी मॅरिएटा' हा जुना हॉलिवूडपट नुकताच पाहिला. तो एका ऑपेरेटावरून घेतलेला आहे. पाहताना सारखं 'संगीत मानापमान' आठवत होतं. या दोन्हींचं काही नातं आहे का? आणि आपलं संगीत नाटक पडद्यावर आलं की गाण्याची रंगत कमी का होते?
– एक वाचक, छावणी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : थेट नातं नाही, पण तुम्हाला जाणवलेलं साम्य खरं आहे. व्हिक्टर हर्बर्ट यांचा हा ऑपेरेटा १९१० साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत केलं. चित्रपटातली राजकन्या नकोसं लग्न टाळायला दासीचं नाव घेऊन पळते आणि एका लढवय्या कप्तानावर जीव जडवते. 'मानापमान'ची नायिका भामिनी आधी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, मग वेश बदलून, वनमाला बनून त्याचं शौर्य पाहते आणि त्याला वरते. समोरच्या माणसाची पारख होण्याआधी दोघींनाही आपला मोठेपणा उतरवून ठेवावा लागतो.

फरक आहे तो गाण्यात. ऑपेरेटातलं गाणं स्वरलिपीत बांधलेलं असतं. वाद्यवृंद आणि गायक त्या चौकटीत राहतात. त्यामुळे १९३५ साली एमजीएमने कथानकात बरेच फेरफार केले, तरी हर्बर्टच्या निवडक चाली पडद्यावर सहज बसल्या. जनेट मॅक्डोनाल्ड आणि नेल्सन एडी यांची जोडी इथेच जमली आणि पुढे एकूण आठ चित्रपटांत दिसली.

'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यांचा पाया हिंदुस्थानी रागसंगीताचा. असं पद गायकाच्या गळ्यात वाढतं. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने तो आलाप-ताना घेतो, 'वन्स मोअर' आला की तेच पद नव्या अंगाने मांडतो. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त 'मानापमान'ला लोक आले ते बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकत्र ऐकायला. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला तो प्रयोग आजही सांगितला जातो, तो या गाण्यामुळेच. कॅमेऱ्यापुढे 'वन्स मोअर' देणारं कोणी नसतं. रंगत कमी होण्याचं मुख्य कारण हेच.

तरीही संगीत नाटकाचं आणि बोलपटाचं वैर नाही. 'प्रभात'च्या १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चे संगीतकार टेंबेच होते आणि हरिश्चंद्रही तेच. २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटात मूळ नाटकातली अभिषेकीबुवांची जुनी पदं नव्या गाण्यांच्या शेजारी शोभली, कारण तिथे गाणं हाच कथेचा विषय आहे. २०२५ च्या 'मानापमान' चित्रपटाला प्रेमकथा, युद्ध आणि नव्याने बांधलेली गाणी सगळं एकत्र पेलायचं होतं. त्यात पदाला पसरायला जागा कमी पडते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. यापुढे कोणी 'सौभद्र' किंवा 'स्वयंवर' पडद्यावर आणणार असेल, तर त्याने कथेत हवे ते बदल करावेत. पण निदान दोन-तीन पदं गायकाला न कापता, मनमुराद गाऊ द्यावीत. संगीत नाटकाचा प्रेक्षक गोष्ट आधीच जाणून असतो. तो येतो ते गाणं ऐकायला.